तेरची वीट बुडते का?

तेरला जायचं ठरलं ते हळदीच्या एका पुडीमुळं. उमरग्याच्या पेठेत माझं किराण्याचं दुकान आहे आणि पुड्या बांधायला सोलापूरहून रद्दी येते. जुनी मासिकं, फाटकी क्रमिक पुस्तकं, कुणाकुणाची पंचांगं. वाचल्याशिवाय मी एकाही पानाची पुडी बांधत नाही, हा माझा नेम. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण थांबतं. शाळा मी लहानपणीच सोडली; जी काही विद्या आहे ती या पानांनी दिली. देवमासा पिलांना दूध पाजतो, पारा धातू असूनही पातळ असतो, बांबू एकदाच फुलतो आणि मरतो, असलं काही कुणाला विचारायचं असेल तर उमरग्यात लोक माझ्या दुकानाकडं बोट दाखवतात. मला ते आवडतं. उगाच नाही कशाला म्हणू?

तर त्या दिवशी हळदीखालच्या पानावर शेवटची ओळ होती, की तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात. पान तिथंच संपलेलं. पुढचं पान गठ्ठ्यात नव्हतं. मी ते पान मोठ्यानं वाचलं आणि तागडीशी बसलेली माझी मुलगी महानंदा म्हणाली, "अप्पा, बघून येऊ या की."

तिला बारावं लागलं होतं. आळंदकडची मंडळी तिला बघायला येणार होती, आणि तिकडं धाराशिवातून माझी थोरली बहीण, आमची आक्का, सारखा निरोप धाडत होती, की पोरीला माझ्याकडं ठेव, इथं मुलींची शाळा आहे. मी उत्तर धाडायचो, की शाळेत शिकवतील ते मी दुकानात शिकवतो.  निरोप आला की महानंदा माझ्या तोंडाकडं बघायची, एवढंच.

"फिरवून आणा एकदाचं," बायको, म्हणजे महानंदाची अव्वा, धपाटे बांधत म्हणाली. "आळंदला गेल्यावर कुठलं फिरणं न् कुठलं काय. पर आक्काच्या नादाला लागू नका. मला एकच पोरगी हाय."

पौषातली सकाळ. जाणार असाल तर पौषच धरा. माळावर जवस निळं फुललेलं असतं, करडईला पिवळी फुलं येऊ लागतात, आणि धुकं असं की रस्ता पुढं आहे हे फक्त ड्रायव्हरला माहीत. जर्मनीच्या लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या वायूवर चालते. मागं एक शेगडीवजा टाकी असते, ती पेटून वायू धरेपर्यंत उतारूंनी खाली उभं राहायचं. आमचे ड्रायव्हर चाँदभाई टाकीत गज घालून ढवळत होते.

"किती वेळ हो?" एक उतारू ओरडला.

"सबर करो ना सेठ," चाँदभाई म्हणाले. "गाडी अबी हुक्का पी रई."

मोटारीला निजामाचा हाली सिक्का चालतो. सोलापूरकडून येणाऱ्यांनी इंग्रजी कलदार रुपये आधीच बदलून घ्यावेत, वाटेत कुणी बदलून देत नाही.

जळकोटच्या अलीकडं गाडीनं पुन्हा हुक्का मागितला. धुकं उचललं जात होतं आणि त्यातून काळविटांचा कळप माळ ओलांडत होता. पाय दिसत नव्हते, नुसती अंगं वाहत चालल्यासारखी. मी हळूच म्हणालो, "काळा तो नर. पीळदार शिंगं त्यालाच. मादी पिवळसर, तिला शिंगं नसतात."

"मग लांडगा आला तर ती काय करती?"

"पळते."

"न् पिलू असलं तर?"

मोटार सुरू झाली. माझ्या पानावर फक्त शिंगांचं होतं.

नळदुर्गला उतरा, घाई करू नका. वेशीजवळ दशमी आणि दही मिळतं, दही चांगलं. बोरी नदी किल्ल्यात अडवलीय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळत असतं आणि आत माणूस कोरडा बसतो. आम्ही गेलो तेव्हा बारीक धार तेवढी चालू होती. खिडकीत बसलं की समोर हिरवा डोह, भिंतीवर पाण्याचा उजेड हलतोय, आणि आवाज असा की आपण जागे आहोत की नाही याची खात्री वाटेना. महानंदा भिंतीला कान लावून बसली. काय ऐकतेस, विचारलं, तर म्हणाली, "दगडाच्या आत पाणी चालतंय."

मग उपळ्या बुरूज. जिना उंच आहे, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. वर तोफा आहेत. त्या कशाच्या ओतल्यात हे मी सांगणार नाही, मला खात्री नाही, आणि खात्री नसलेलं मी लिहीत नाही. पण तोफा काशाच्याही ओतत असत, म्हणून मी विचारलं, "पितळेत काय असतं?"

"तांबं न् जस्त."

"काशात?"

"तांबं न् कथील." ती तोफेवर पालथी पडून नळीत बघत होती. "अप्पा, तांबं मऊ. कथील तर दातानं चावता येतं. मग दोन्ही मिळून कडक कसं होतं?"

"तसंच असतं ते."

बुरुजावर वारा होता. ती आणखी काही म्हणाली असेल तर मला ऐकू आलं नाही.

तुळजापूरच्या घाटात मोटारीतूनच हात जोडले आणि दिवस मावळायला धाराशिवात पोचलो. सरकारी कागदात उस्मानाबाद लिहितात, मोटारवाल्याला दोन्ही कळतं. आक्का दारातच उभी होती. काळी इरकल, कमरेला हात.

"आलास का विद्यासागरा? पोरगी वाळली की रं. दुकानात हळदच खाऊ घालतोस का?"

रात्री येसर आमटी आणि भाकरी वाढताना तिनं विषय काढलाच. मी म्हणालो, "आक्का, तिला ग्रह येतात, धातू येतात, प्राणी येतात. तुझ्या शाळेतल्या बाईंना येतील का?"

"न येऊ देत," आक्का म्हणाली. "पर तिनं विचारलं तर बाई 'तसंच असतं' तरी म्हणणार न्हाईत."

पोरीनं तोफेची गोष्ट आत्याला सांगून टाकली होती तर. मी आमटी पुन्हा मागितली.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरची लेणी पाहिली. चालत जाता येतं, वाटेवर तरवडाची पिवळी फुलं. मोठ्या लेण्यात खांबांच्या पलीकडं अंधार आहे, त्या अंधारात नागाच्या फण्याखाली बसलेली मूर्ती हळूहळू उगवते, डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. लेणी आधी बौद्धांची की जैनांची यावर विद्वानांचा वाद आहे. वटवाघळं कुणाचीच बाजू घेत नव्हती.

आणि मग तेर. धाराशिवातून बैलगाडी करावी. किसन गाडीवान बोलका आहे आणि बैल त्याच्याहून शहाणे. पहाटे निघालात तर दुपारच्या आत पोचता. वाटेत शेतात हुरडा भाजत होते, त्यांनी हाक मारून खायला घातला. तेर आज साधं गाव आहे, पण एके काळी इथला माल समुद्रापार रोमपर्यंत जायचा. नांगर फिरला की शेतात मणी सापडतात. त्रिविक्रमाचं देऊळ पाठीकडून जरूर बघा. विटांचं छप्पर, हत्ती बसल्यावर पाठ दिसते तसं. त्या गोलाईवर पारवे बसले होते आणि सगळं गाव दुपारच्या झोपेत होतं.

विटा शोधाव्या लागल्याच नाहीत. तेरणेच्या काठावर एक म्हातारी टाचा घासत बसली होती, हातात लाल विटेचा तुकडा. महानंदानं विचारलं, "आजी, ही जुनी वीट का?"

"व्हय की. वज्री हाय माझी. आमच्या शेतात लई निगत्यात." तिनं टाच घासून तुकडा पाण्यात ठेवला, अगदी फळीवर ठेवावा तसा, आणि दुसरी टाच पुढं घेतली. तुकडा तरंगत राहिला.

काय वाटलं ते नीट लिहितो. लाल वीट, हिरवं पाणी, आणि वीट हलतेय, पानासारखी. डोळे सांगतात ते मन मानेना. पेठेतल्या सगळ्यांची तोंडं डोळ्यांसमोर आली; वीट तरंगते म्हटल्यावर हसली होती ती.

म्हातारीनं आम्हाला बांधावरची अख्खी वीट दाखवली, न्या म्हणाली. ती मी पाण्यात सोडली. तरंगली.

"झालं," मी म्हणालो. "बघितलं. चल."

"थांबा ना अप्पा."

"अगं, बुडत नाही. लिहिलेलंच होतं."

"कशी बुडत न्हाय ते बघू दे की."

ती काठावर पोटावर झोपली, नाक पाण्याला टेकवून. मी बसलो. किसन बाभळीखाली बैलांना सोडून वाट बघत राहिला. एक खंड्या आला, सूर मारला, गेला. ऊन विटेवरून सरकत होतं. बऱ्याच वेळानं तिनं मला हाक मारली, कुजबुजत, जसं काही मोठ्यानं बोललं तर वीट ऐकेल.

"अप्पा, बुडबुडे बघा. बारीक बारीक. आतली हवा बाहेर येतीय. मघाशी एवढी वर होती, आता एवढीच हाय."

मी वाकलो. खरंच होतं. वीट तरंगत होती, पण खाली बसत चालली होती. तिनं म्हातारीच्या वज्रीची तुटलेली कड माझ्यासमोर धरली. विटेत भोकंच भोकं, आणि भोकांना आकार होता, लांबट, दोन्हीकडं निमुळता.

"साळीच्या टरफलाचा," ती म्हणाली. "मातीत भुसा घातला असंल. भाजताना भुसा जळाला न् त्याची जागा ऱ्हायली. जागेत हवा. आता पाणी शिरतंय. म्हंजे कधीतरी बुडणार. पर कधी?"

माझ्या गठ्ठ्यात नसलेलं पुढचं पान ती पोटावर झोपून वाचत होती, आणि त्याच्याही पुढच्या पानाबद्दल मला विचारत होती. मला ते येत नव्हतं. मी तिला एवढी वर्षं उत्तरं दिली, सगळी खरी, एकही खोटं नाही. पण ती उत्तरांनी थांबणारी नव्हती, आणि माझ्याकडं उत्तरांशिवाय दुसरं काही नव्हतं.

"मालक," किसन ओरडला, "वीट बुडंपातुर बसायचं असंल तर बैलाला पेंड आणतो, न् मला बायको आणतो, हितंच संसार करतो!"

परतताना माळ निळा झाला होता. ओली वीट तिच्या मांडीवर होती. मी विचारलं, "तुला आक्काकडं राहायचंय?"

तिनं वीट जरा जवळ ओढली. मग म्हणाली, "अव्वा रडंल."

मी आक्कापुढं एवढंच म्हणालो, की शाळेचं बघ. आक्का काही टोचून बोलेल असं वाटलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि वीट ठेवायला बादली आणली.

मी एकटा मोटारीत बसलो. काळवीट परतीला दिसले नाहीत.

उमरग्यात बायकोनं माझ्या मागं बघितलं, मोटार रिकामी होईपर्यंत. मग घरात गेली. आळंदची मंडळी आली तेव्हा मात्र तीच पुढं झाली. "पोरगी शिकायला ठेवलीया," म्हणाली, त्यांना शेंगाची पोळी वाढली आणि वाटेला लावलं. माझ्याशी बोलणं तरी बंदच.

रद्दी अजून येते. पानावर एखादी गोष्ट अर्धी राहिली असेल तर आता मी त्याची पुडी बांधत नाही. अशी पानं बाजूला ठेवतो आणि चाँदभाईंच्या हाती धाराशिवला धाडतो. पुढचं काय ते तिकडं बघतील.

परवा चाँदभाई दुकानासमोर थांबले, गाडीला हुक्का देऊन. "सेठ, बच्ची का निरोप हय. ईंट अबी डूबी नई. रोज सुबू देखती. डूबी तो घर आके सब बताऊंगी, बोली."

मी बरं म्हणालो. आतून बायको उंबऱ्यापाशी आली. कित्येक दिवसांत माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलली, तेही चाँदभाईंकडं बघून.

"तिला म्हणावं, नुसती काय बघत बसतीस. बोटानं दाब थोडी."