साहेबांच्या हॅटवर दळलेल्या दहा आज्ञा

सहावी आज्ञा म्हणून तान्हाबाई थांबल्या, त्या थांबल्याच.

समोर सांगलीकडं निघालेले गोरे मिशनरी साहेब, शेजारी आमच्या सातारच्या देवळाचे पाळक, म्हणजे पाद्री. बायबलातल्या दहा आज्ञा पाठ आल्या तर रविवारी बाप्तिस्मा. नाहीतर साहेबांची पुढची फेरी वर्षानं. बाईंची साठी उलटलेली, अक्षरओळख नाही.

दोष माझा. मी देवळाचा गायनमास्तर. महायुद्धाची वर्षं होती. चार महिन्यांत पुण्याहून पायपेटी, म्हणजे पायांनी भाता मारायची मोठी पेटी, शिकून आलो आणि विलायती चाली डोक्यात गेल्या. पाळकीणबाईंनी बायकांना दळता दळता ओव्यांतून आज्ञा शिकवल्या होत्या. मी म्हटलं, "देवळात जात्याची चाल? छे!" दोन महिने रिहर्सल घेऊन ती घासून पुसली.

"आवं मास्तर, तुमची चाल लय उंच हाय," तान्हाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. "शब्द वर चढत न्हाईत."

मला वाटलं, सराव कमी.

आता साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या वर्षी पाहू."

"पुढलं वरीस कुणी बघितलंय?" बाई पुटपुटल्या.

मी पुढं झालो. "बाई, ओवीच म्हणा."

"हात रिकामा हाय न्हवं! जात्याबिगर कशी येईल?"

टेबलावर साहेबांची सोला हॅट, म्हणजे उन्हाची टोपी, होती. गोल. मी ती उचलली आणि बाईंपुढं जमिनीवर ठेवली.

"मास्तर!" पाळक ओरडले.

तोवर बाईंनी मांडी घातली, काठ मुठीत धरला आणि हॅट गरागरा फिरवायला घेतली. आज्ञा पिठासारख्या पडू लागल्या. सातवी, व्यभिचाराची, एवढी खणखणीत की पाळकांनी खिडकी लावून घेतली. 'चोरी करू नको' म्हणताना बाईंनी आधी हॅटकडं बघितलं, मग माझ्याकडं.

दहावी संपली. साहेब हसू दाबत म्हणाले, "पास. आता हॅट द्या."

"दम धरा, सायेब. प्रभूची प्रार्थना दळायची हाय अजून."

रविवारी बाप्तिस्मा झाला. पुढं बायकांचा क्लास मी पाळकांच्या ओसरीवर, जात्याशेजारी घेऊ लागलो. पीठ पाळकीणबाईंना, शिकवणी मला.

खुंटी उपटण्याआधी तिच्यावर कुणाचं काय टांगलंय ते बघावं, एवढं शिकलो. हॅटचा काठ मात्र सुटला. साहेब सांगलीला भर उन्हात बोडक्यानं गेले.