सोजरबाईचं नाक

बिअरच्या कारखान्यात अर्धं आयुष्य काढूनही बिअरचा थेंब जिभेला न लागलेला माणूस बघायचा असेल, तर तो मी, शाकीर. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी थंडीचं मशीन सांभाळतो. माझा दोस्त रामहरी, त्याचं काम बरोबर उलटं: रोज प्रत्येक टाकीतला माल चाखायचा आणि बरा की वाईट ते सांगायचं. बाळे गावात आमची घरं एकाच गल्लीत, कामावर जायला मोटरसायकल एकच, ती माझी. तो मागे बसून झोपायचा आणि मी शिव्या द्यायचो.

तो मूळचा मोडनिंबचा. कारखान्यात बाटल्या धुवायला लागला होता. एकदा धुतलेल्या बाटल्यांची अख्खी रांग त्याने अडवली. म्हणाला, साबण राहिलाय, वास येतोय. साबण राहिलाच होता. तेव्हापासून त्याला चाखायच्या खोलीत बसवलं, आणि त्याला नाकाचा भारी तोरा चढला. दुपारी कांदा खायचा नाही, नाक बिघडतं म्हणून. त्याच्या वाट्याचा कांदा इतकी वर्षं मीच खाल्ला. खोलीत रिवाजच पडला की पहिला शब्द रामहरीचा. तो बोलल्याशिवाय साहेबसुद्धा बोलत नसत.

मग कोरोना आला. बाकीच्यांचा गेलेला वास महिन्या-दोन महिन्यांत परत आला, याचा आलाच नाही. मला ते कळलं कँटीनमध्ये. दूध करपून धूर झालेला, आम्ही नाकाला रुमाल लावून बाहेर पळालो आणि हा आत बसून शांतपणे चहा पीत होता. घरी जाताना विचारलं तर त्यानं आधी मागेपुढे बघितलं. मग म्हणाला, "कुणाला बोलू नगंस. यील परत."

मग काम कसं करायचा? सोजरबाईच्या नाकावर. सोजरबाई त्याची बायको, माझी भाभी. घरी शेंगाचटणी कुटून विकायची, आणि शेंगदाण्याच्या पोत्यात हात न घालता माल खवट आहे का ते सांगायची. रामहरी डब्याच्या पिशवीतून छोट्या बाटलीत नमुना घरी न्यायचा. पहिल्यांदा नेला तेव्हा ती कडाडली, "तुमच्या संगं लगीन केलं ते काय दारू हुंगायला?" पण हुंगली. पुढे रोजच हुंगायला लागली. जिभेच्या टोकाला थेंब लावायची, मोरीत थुंकायची, चूळ भरायची आणि सांगायची: ओल्या गोणपाटाचा वास हाय, करपल्या भाकरीचा हाय, आज बरं हाय. दुसऱ्या दिवशी तो तेच आपलं म्हणून खोलीत सांगायचा.

चोरी होती ती, मला कळत होतं. मी तोंड उघडलं नाही, कारण त्या दोघांना मोरीजवळ डोक्याला डोकं लावून बसलेलं मी पाहिलं होतं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर एकमेकांशी इतकं बोलणारं जोडपं आमच्या गल्लीत दुसरं नव्हतं.

दोन हिवाळ्यांमागे महेश्वर साहेबांनी, म्हणजे आमच्याकडे माल बनवणाऱ्या साहेबांनी, बार्लीवाइन नावाचा प्रकार घातला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नावात वाइन, पण आत द्राक्षाचा एक मणी नाही. सगळी सातूचीच बिअर, फक्त साध्या बिअरच्या दुप्पट कडक, आणि वर्ष-दोन वर्षं बाटलीत मुरू द्यायची. लोणच्यासारखंच, घाई केली की वाया. नमुना घरी गेला तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो. सोजरबाईनं हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"कच्चं हाय. नाकात आग जाती. पर ठिवा. दोन वर्सांनी बगा, पयली काकवी यील, मागनं भिजल्याली खारीक, अन् समद्यात शेवटी जुन्या ट्रंकंतल्या लुगड्याचा वास. लई चांगलं हुनार हाय ते."

त्याच उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग मोठा दवाखाना झाला, आणि उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

रामहरी रडला कमी, गप्प झाला जास्त. कामावर रंग बघून, दुसऱ्यांच्या चेहऱ्याचा अंदाज घेऊन तो कसंबसं निभावत होता. मी म्हटलं, साहेबांना सांगून टाक, दुसरं काम देतील. तर म्हणाला, "सांगतो की. पर ती बाटली उगडू दे. सोजर बोलली ते खरं झालं का, एवडंच मला कळू दे. मग नोकरी गेली तर जाऊ दे." त्याचा सगळा जीव त्या बाटलीत अडकला होता. तिचं एक बोलणं अजून पुरं व्हायचं राहिलंय, एवढंच त्याला धरून राहायला उरलं होतं. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, कारण आता त्याच्यासाठी वास घेणार कोण होतं?

बाटल्या यंदा जानेवारीत उघडल्या. मी खोलीतलं मशीन बघायला गेलो आणि मुद्दाम रेंगाळलो. साहेब होते, चाखणारे आणखी तिघं होते, आणि प्रत्येकापुढे दोन ग्लास होते. फरक कळावा म्हणून या हिवाळ्यातली ताजी बार्लीवाइनही शेजारी ठेवायची, असं साहेबांनी सकाळीच ठरवलं होतं. आधी ताजी, मग मुरलेली. त्यांनी ते सांगितलंही, पण रामहरीचं लक्ष कुठं होतं? दोन्हींचा रंग सारखाच, तांबूस काळा. त्यानं पहिला ग्लास उचलला, डोळे मिटले, नाकाशी धरला.

"पयली काकवी, साहेब," तो म्हणाला. "मागनं भिजल्याली खारीक. अन् शेवटी जुन्या ट्रंकंतल्या लुगड्याचा वास. लई चांगलं झालंय."

मग साहेब हळूच म्हणाले, "रामहरीकाका, ही ताजी आहे. मागच्या महिन्यातली."

रामहरीनं ग्लास खाली ठेवला. "साहेब, मला वास येत न्हाय. कोरोनापास्नं. हे बोलनं माजं न्हाय, आमच्या मंडळीचं हाय. तीच हुंगायची."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी दुसरा ग्लास उचलला, बराच वेळ वास घेतला, आणि म्हणाले, "अप्रतिम झालीय, काका. कॅरमेल, शेरी, थोडं लेदर."

"शेरी म्हंजे कसं?" रामहरीनं विचारलं. विलायती वाइन आहे म्हणाले, पण वास कसा ते साहेबांना सांगता येईना. तो बाकीच्यांकडे बघायला लागला. ते घाईघाईनं म्हणाले, काकवी आहे, खारीक आहे, तुमचं बरोबर आहे. रामहरीनं मान खाली घातली. पहिला शब्द त्याचाच झाला होता. त्याच्यामागनं कोण वेगळं बोलणार होतं?

मुरलेल्या बार्लीवाइनचा आपला ग्लास घेऊन तो बाहेर कडुनिंबाखाली आला. मी मागोमाग गेलो. "शाकीर, तू हुंग," तो म्हणाला.

वास घेणं म्हणजे पिणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आणि नाक ग्लासात घातलं. काकवी आली. खरोखर आली, गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखी. मग ईदच्या आदल्या दिवशी माझी बायको नाजनीन खारका भिजत घालते, तो वास. ट्रंकेचा लवकर कळेना. थांबलो, आणि तोही आला, अम्मीच्या जुन्या साड्यांचा. माझे डोळे भरून आले.

"सगळं आहे रे," मी म्हटलं. "भाभी बोलली तसंच, त्याच क्रमानं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "ती बोलली तवा तू बी घरात व्हतास की. मगाशी बी ऐकलंस."

"ऐकलं. पण वास खरंच येतोय. अल्लाची शपथ."

"शपत कशाला घेतोस," तो म्हणाला. मग त्यानं एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. "ग्वाड हाय. मागनं कडू हाय. घशात ऊब लागती." परत एक घोट घेतला. "बाकीचं तू म्हनतोस म्हंजे असंल."

साहेबांनी त्याला आता गोदामात घेतलंय. मोटरसायकलवर तो अजून माझ्यामागेच बसतो, फक्त झोपत नाही. कधीमधी न राहवून मी पुन्हा सांगतो, रामहरी, तो वास खरंच होता रे. तो मागून माझ्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "व्हय की." आजारी माणसाची समजूत काढताना म्हणतात, तसं.