आधी मरून दाखवायचं?

देउस्देतेचे दोन्ही भाऊ चाळिशीतच, चालता चालता कोसळून गेले. आमच्या भागाला हे नवं नाही. लहानपणी मातीच्या भिंतीतला किडा चावतो आणि वीस-तीस वर्षांनी हृदय पोखरून निघतं. देउस्देतेचंही पोखरलं होतं. तो आमच्या गल्लीतला पाववाला. हल्ली पिठाचं पोतं उचलताना भिंतीला हात टेकायचा.

त्याची बायको लिंदाउरा त्याला सहा तास बसनं शहरातल्या सरकारी इस्पितळात घेऊन गेली. मी शेजारीण म्हणून सोबत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छातीत एक यंत्र बसवतात. हृदय भलतंच धावायला लागलं की ते आतून झटका देऊन ताळ्यावर आणतं. यांना ते हवंच."

"मग बसवा की!" लिंदाउरा म्हणाली.

"देशात आता पूर्वीपेक्षा पुष्कळ बसतात, बाई. पण आमच्याकडे येतात ती थोडी. ज्याचं हृदय एकदा बंद पडून तो वाचलाय, त्याचा नंबर आधी. यांचं नाव यादीत घालते."

लिंदाउरा ताडकन उठली. "म्हणजे यानं आधी मरून दाखवायचं?"

डॉक्टरीणबाईंनी यादीचा कागद पुढं ओढला. देउस्देते म्हणाला, "बस गं खाली. माझे दोन भाऊ मेले ते हिशेबात धरतात का, तेवढं विचार."

चौदा महिने लिंदाउरा दर सोमवारी इस्पितळात फोन करत होती. त्याला न्हाणीचं दार लावू देईना. "मला काचेच्या कपाटात ठेव," तो चिडून म्हणायचा, "चर्चमधल्या संतासारखा!"

शनिवारच्या बाजारात तो कसाव्याच्या कंदांच्या ढिगांमध्ये पडला. आरोग्य केंद्रातली नर्स झटक्याची पेटी घेऊन धावत आली, तोवर अकरा मिनिटं गेली होती. हृदय चालू झालं. आठवड्याच्या आत शहरात यंत्र बसलं. यादीचा विषयही कुणी काढला नाही.

पण त्या अकरा मिनिटांत मेंदू गेला. आता त्याला पीठ ओळखता येत नाही, लिंदाउराही नाही. ती त्याला भोपळा कुस्करून भरवते. यंत्रानं दोनदा झटका दिला. दोन्ही वेळा तो किंचाळला आणि तिनंच मारल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

परवा त्याला भरवता भरवता तिनं मला विचारलं, "ते बंद करता येतं का गं? विचारलं तर पाप लागेल?"

तिनं पुढचा घास त्याच्या तोंडाशी नेला.