एकशे बासष्ट कागद

सदर इसम नामे रुपचंद उखर्डू बऱ्हाटे, वय अठ्ठावन्न, रेल्वेतील हेडक्लार्क, दिनांक एकतीस मे चौऱ्याण्णव रोजी सेवानिवृत्त होणार, राहणार रेल्वे क्वार्टर, भुसावळ. वर्ण गव्हाळ. ओळखीची खूण : डाव्या बगलेत हिरवी फाईल. सदर इसमाच्या ताब्यात एक लाल फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय मोटार असून तत्संबंधी आवश्यक ते सर्व कागद सदर इसमाजवळ आहेत.

गाडी आणली होती त्यांच्या डॉक्टर मेव्हण्यांनी, पंच्याऐंशी साली, थेट इंग्लंडहून. सहा महिन्यांत इथली धूळ आणि इथले नातेवाईक असह्य होऊन ते परत गेले आणि गाडी बऱ्हाट्यांच्या नावावर करून गेले. ताशी एकशे ऐंशीने पळणारी ती चीज बऱ्हाट्यांनी नऊ वर्षं रेल्वे कॉलनीच्या आतच फिरवली, काटा चाळिसाच्या वर जाऊ न देता. जळगावला ते पॅसेंजरने जात. कागद मात्र बघावेत! कस्टमची पावती, ऑईल कधी बदललं, पंक्चर कोणत्या चाकाचं, वायपरचं रबर ज्या पाकिटातून आलं ते पाकीट. एकशे बासष्ट कागद, अनुक्रमांक घालून.

महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं आणि नव्या घराच्या बोळात सायकलसुद्धा तिरपी करून न्यावी लागे. गाडी विकणं भाग होतं. अट एकच : फाईल वाचेल त्यालाच.

पहिले आले धुळ्याचे कापडवाले रतिलाल. सीटवर बसले, आरशात बघून दात कोरले आणि कोरलेलं बोट सीटलाच पुसलं.

"ॲव्हरेज काय देते?"

"फाईलमध्ये आहे. कागद एकोणचाळीस."

"फाईल राहू द्या, शेठ. हे इंजिन काढून टाकू, डिझेलचं बसवू. मग बघा!" असं म्हणून त्यांनी खिडकीतून पिचकारी मारली. निम्मी दारावरच राहिली. बऱ्हाट्यांनी ते दार तीनदा धुतलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मग चोपड्याचे केळीवाले अभिमन पाटील आले, सोबत घरची सहा माणसं. सहाही जणांनी आळीपाळीने हॉर्न वाजवला. एका पोराने गिअरच्या गोटीला जीभ लावून पाहिली. अभिमनभाऊ मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ उभे राहिले.

"मांगली डिकी कोठे गयी, भाऊ? ठोकायनी व्हती का?"

"गाडी अशीच असते. मागचं दार वर उघडतं. कागद चार बघा."

अभिमनभाऊंनी फाईल हातावर तोलली. चेहरा पडला. "इतला कागद? कोर्टमा केस चालू शे का?"

"नाही हो!"

"मंग इतला कागद कोण ठेवस?"

ते गेले आणि तिसऱ्या दिवशी कुठलाही कागद नसलेली एक जुनी फियाट घेऊन आले, दाखवायला. तिच्यात केळीचे घड होते, एक शेळी होती आणि शेळीने केलेलं सगळं काही होतं. बऱ्हाट्यांनी नाकाला रुमाल लावून अभिनंदन केलं. हे लोक आणि हे शतक, दोन्हींबद्दल त्यांचं मत त्या दिवशी कायम झालं.

अठ्ठावीस तारखेला सुनंदाबाई आल्या. नरडाण्याकडच्या एका हायस्कुलात मुख्याध्यापिका, शाळेची जीप स्वतः चालवणाऱ्या. गाडीकडे त्यांनी एकदाच पाहिलं, हात धुतले, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "फाईल द्या, भाऊ."

दोन तास वाचलं. मध्येच, "सत्तावन्न आणि अठ्ठावन्न एकच पावती आहे. दोनदा लावलीत." बऱ्हाट्यांना भरून आलं. तीन आठवड्यांत प्रथमच त्यांनी गिऱ्हाइकासाठी चहा सांगितला.

शेवटचा कागद उलटून बाई थांबल्या. "सगळं आहे. गाडी चालवत कोण होतं?"

"मीच. दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही."

"मग तुमचं लायसन दिसत नाही ते?"

बऱ्हाट्यांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"अहो, सांगा की," चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई म्हणाल्या. बाईंपुढे कप ठेवत त्यांनीच सांगून टाकलं, "कधी काढलंच नाही यांनी. नऊ वर्षं झाली."

गाडी सुनंदाबाईंनी घेतली. फाईलही नेली. दुबार पावती वगळता कागद एकशे एकसष्टच होते आणि त्यांत लायसन नव्हतं.