बाईच्या गुडघ्याची गोळी

मोठ्या जावेला मी बाई म्हणत होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझं बाहेरचं सगळं बोलणं तीच बोलायची. रेशनच्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात. चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. तिला तसलं काही नव्हतं. पण तिला वाचता येत नव्हतं आणि मी चौथी शिकलेली. म्हणून चिठ्ठी, पाकीट, बसची पाटी मी वाचायची. "तुये डोळे न मायं तोंड," ती म्हणायची, "दोघी मिळून एक बाई होते."

त्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडता तोडता तिचे गुडघे सुजले. बसली की उठता येईना. तालुक्याच्या दवाखान्यात मी सोबत गेले. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सूज उतरायची गोळी लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवण झाल्यावर, फक्त पाच दिवस. मग विचारलं, "पोटात जळजळ होते का कधी?"

"कोणाले नाई होत साहेब?" बाई म्हणाली. "आमच्या तिखटानं लोखंडबी जळते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पोटासाठी आणखी एक गोळी लिहिली, ती जेवणाआधी घ्यायची. आणि बजावून सांगितलं की पोट दुखलं, किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर गोळी बंद करायची आणि त्याच दिवशी यायचं. बाई हो हो म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र तिला हसू आवरेना. "पाह्य गडे, तोंडावर शीच्या गोष्टी करते माणूस!" मीही पदरात तोंड घालून हसले.

पाच दिवस तिनं सांगितलं तशी गोळी घेतली. मी पाकीट वाचून हातावर ठेवायची आणि ती आधी जेवून मग गिळायची. सूज उतरली. ती पहिल्यासारखी चालायला लागली.

मग रोवणा आला. आम्ही दहा-बारा बायांनी गुत्त्यानं, म्हणजे ठोक मजुरीवर, धानाची रोवणी घेतली होती. बाई सगळ्यांच्या पुढे. दिवसभर चिखलात वाकून राहिलं की गुडघा पुन्हा बोलायला लागला. तिनं गोळीचं रिकामं पाकीट जपून ठेवलं होतं. बाजाराच्या दिवशी ते दुकानात दाखवून तिनं तीच गोळी आणली. पोटाची गोळी आणलीच नाही. गुडघा दुखते, पोट कुठी दुखते, म्हणाली.

रोवण्याच्या दिवसांत आम्ही उजाडताच निघतो. काळा चहा घ्यायचा आणि चालायचं. शिदोरी सोडायला दुपार होते. ती चहासोबतच गोळी घ्यायला लागली. मी म्हटलं, "बाई, जेवणानंतर लिवलं आहे."

"जेवेपर्यंत दुपार होते. तवरक हा गुडघा वाकते काय? तुले सांगतो, याले लिवणं वाचता येत नाई."

बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, बाया खो खो हसल्या. एकीनं कंबर दुखते म्हणून हात पुढे केला, तर बाईनं तिलाही एक गोळी काढून दिली. रोवण्यात आम्ही सुपारी-तंबाखूचा खर्रा वाटून खातो, तशीच गोळीही वाटली गेली. कोणाला त्यात काही वाटलं नाही. मलाही नाही.

दहा-बारा दिवसांनी वाटेनं जाताना ती मागे राहिली आणि हळूच मला म्हणाली, "दोन दिवस झाले, काळी होऊन राह्यली. डांबरावानी."

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. पण तीच पुढे म्हणाली, "त्या लाल गोळ्यांचं असन." तिच्या अंगात रक्त कमी म्हणून गावात गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंनी हिवाळ्यात तिला लोहाच्या लाल गोळ्या दिल्या होत्या. त्यानं काळी होते, घाबरू नका, असं त्यांनीच सांगितलं होतं आणि तेव्हा तसंच झालं होतं.

मी म्हटलं, "बाई, त्या तर कधीच्याच सरल्या. शेवटचं पाकीट मीच वाचलं."

"आंगात राह्यते त्याचं. तू नको डॉक्टरीन होऊ."

मी हसले. काय म्हणून हसले, हे मी आजपर्यंत स्वतःला विचारते.

तिसऱ्या दिवशी ती धानाच्या रोपांची पेंडी हातात घेऊन बांधीत बसली आणि तशीच आडवी झाली. ओठ पांढरे. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, बाईचे मालक, धावत आले. ऑटो केला. बाईमाणूस सोबत पाहिजे म्हणून मी गेले.

मी भासऱ्यांसमोर कधी बोलत नव्हते. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही आमच्याकडची जुनी चाल. बुद्धविहारात आम्ही सगळे एकाच सतरंजीवर बसतो, पण घरात ही चाल राहिली. इतक्या वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नव्हता. त्यांना काही सांगायचं तर मी बाईला सांगायची.

दवाखान्यात त्या दिवशी वेगळे डॉक्टर होते. बाई डोळे मिटून पडली होती. त्यांनी विचारलं, "दुखण्याची गोळी वगैरे चालू होती का?"

भासरे म्हणाले, "नाई साहेब. उन्हाळ्यात होती पाच दिवस. आता काई नाई. कामानं थकली."

त्यांना ठाऊकच नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सोबत राहता ना? शी काळी होत होती का यांना?"

भासरे खाटेच्या पायथ्याशी उभे होते, माझ्यापासून दोन हातांवर. त्यांच्या बायकोच्या शीबद्दल त्यांच्यासमोर मी बोलायचं? मी पदर पुढे ओढला आणि खाली पाहिलं. डॉक्टर थोडा वेळ थांबले. खरंच थांबले. मग दुसऱ्या पेशंटकडे गेले.

सलाईननं बाईला तरतरी आली. डॉक्टर म्हणाले राहा, उद्या रक्ताचा रिपोर्ट येईल. पण तिनं ऐकलं नाही. अर्धा रोवणा पडला आहे, बाया काय म्हणतील, म्हणून तीच उठून बसली. आपल्या मर्जीनं घरी नेतो, अशा कागदावर भासऱ्यांनी सही केली. मी तिच्या चपला उचलून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रक्ताची उलटी केली. काळपट, चहाच्या चोथ्यासारखी. दवाखान्याच्या गाडीनं आम्हाला गडचिरोलीला नेलं. रस्ताभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती काही बोलत नव्हती. बाई बोलत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिथं डॉक्टरीणबाई होत्या. भासरे रक्ताची पिशवी आणायला गेलेले. मी डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. गोळी, काळा चहा, काळी शी, सगळं. त्यांनी भराभर लिहून घेतलं. मग वर पाहिलं. "काल कोणी विचारलं नाही?"

मी म्हटलं, "विचारलं."

त्या सिस्टरला हाक मारत खाटेकडे गेल्या. दोन पिशव्या रक्त चढलं. तिसरी लावायच्या आत, दुपारी, बाई गेली.

नंतर डॉक्टरीणबाईंनीच मला बाकावर बसवून समजावलं. म्हणाल्या, गोळी वाईट नाही, सांगितली तशी आणि सांगितली तितकीच घेतली तर कामाची आहे. उपाशीपोटी, पोटाच्या गोळीशिवाय, इतके दिवस घेतली, म्हणून आतून जखम झाली आणि रक्त वाहत राहिलं. जुनं पाकीट दाखवून आणायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही. मी मान हलवत होते. मला हे सगळं आधीच माहीत होतं. पाकिटावरचं मी वाचलं होतं, डॉक्टरांचं मी ऐकलं होतं.

बाईच्या नावानं पुण्यानुमोदनाचं जेवण होतं, त्या दिवशी मी पंगतीत वाढत होते. भासरे कोणाला तरी सांगत होते, "जलमभर तोंडाचा पट्टा चालू होता तिचा. न गोळी खाते, इतकं मातर मले सांगतलं नाई. काऊन नाई सांगतलं?" तिनं आपल्याला परकं धरलं, असंच त्यांनी मनात घेतलं होतं. मी पुढच्या पत्रावळीकडे सरकले.

वर्ष असंच गेलं. यंदा बांधावर माती टाकताना भासऱ्यांची कंबर धरली. ते एकटेच दवाखान्यात जाऊन आले. माझा नवरा कामासाठी चंद्रपूरला राहतो, त्यांची लेक सासरी. घरात वाचणारी मीच. त्यांनी पाकीट चुलीजवळच्या पाटावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "काय लिवलं, पाहा लागते."

मी पाकीट उचललं. आधी मनातल्या मनात वाचलं. मग मोठ्यानं. "सकाळ-संध्याकाळ एकेक. जेवणानंतर. पाच दिवस."

आणि मग थांबताच आलं नाही. म्हटलं, "भाऊ, तिनं मले सांगतलं होतं. काळी होत होती ते. डॉक्टरनं मले इचारलं. मी बोल्ली नाई."

ते वळले. माझं तोंड त्यांनी पहिल्यांदा पाहिलं असेल. मला वाटलं आता शिवी येईल, हात उठेल. ती शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"मी होतो म्हणून?" त्यांनी विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं.

ते खाली बसले. एक हात कंबरेवर धरला. मग म्हणाले, "तू नुसती दाराकडं पाह्यली असती तरी मी बाहेर गेलो असतो."

मी भात वाढला. त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण गोळी जेवणानंतर होती, म्हणून ते खात राहिले.