शेवटची दोन रिळं

नागावच्या तंबूत मी सिनेमाचं यंत्र चालवत असे. बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत मासे विकणारी एक मावशी बसायची. भांडणाऱ्या प्रेमिकांचा विनोदी सिनेमा असला की रोज यायची आणि नायिकेला मोठ्याने समजवायची, "अगो, हो बोल ना त्याला. किती नाचवशील?" लोक नटांपेक्षा तिच्यावरच जास्त हसत.

एका संध्याकाळी सिनेमा चालू असताना किनाऱ्यावरून एक माणूस धावत माझ्याकडे आला. मावशीच्या नवऱ्याला होडीतून उतरवलं होतं; छातीला जबर मार होता आणि तो तिला बोलावत होता. दोन रिळं उरली होती. ती उठली असती तर तंबूच उठला असता. "सांगतो," म्हणून मी त्याला परत पाठवलं, आणि सिनेमा संपल्यावर तिला सांगितलं. ती पोचेपर्यंत तो गेला होता.

पुढच्या हंगामात ती सरळ माझ्याकडे आली.

"दादा, निरोप येऊनबी मी हसत बसले, असं गावात बोलतात. कवा आला व्हता निरोप?"

"सिनेमा संपल्यावर, मावशी."

"मी बी त्येच सांगते सगळ्यांना. तुजं नाव घेऊन."

मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली, आणि पडद्यावर नायिका रुसताच खळखळून हसली.