वरची बांगडी

दुपारचं जेवण झालं की पद्माकर कासार ओसरीवर चटई टाकून आडवा होतो. त्याला झोप म्हणावं असं काही नसतं. बाहेरचं सगळं ऐकू येत असतं, फक्त कुणाला उत्तर द्यावंसं वाटत नाही, इतपत डोळा लागतो. आज अंगणात इस्माईल वेल्डर हत्यारं गोळा करतोय. पान्हा डब्यात पडल्याचा आवाज होतो, मग हातोडी पडल्याचा.

"पद्माभाऊ, झोपला का?"

"नाही."

"मग एकदा बघून तर घे. मी स्वतः वर उभा राहिलो तरी हललं नाही. बांगड्या कसल्या नेतो, सिमेंटची पोती ने."

पद्माकर डोळे न उघडता हसल्यासारखं करतो. मोटारसायकलचं नवं कॅरिअर त्याला न बघताही दिसतंय. लांब सीट काढून तिथं भंगारातली एका माणसापुरती सीट बसवली आहे आणि तिच्या मागं कॅरिअर. चौकट केली ती घडीच्या लोखंडी खुर्चीच्या नळ्यांची. तळाला आडव्या सळ्या हव्या होत्या. त्या कमी पडल्या तेव्हा इस्माईलनं मागच्या चाकाच्या बाजूला असलेल्या साडीगार्डकडं बोट दाखवलं होतं.

"हे काढू? आता कशाला पाहिजे?"

पद्माकरनं मान हलवली होती. इस्माईलनं ती होकाराची समजली आणि कटर चालू केला.

मालन, पद्माकरची बायको, दिवाळीनंतर गेली. लिंगोड्याच्या आठवडी बाजारात, याच घडीच्या खुर्चीत बसून, एका बाईच्या हातात बांगडी चढवताना. बाईचा हात हातातच होता. बाईला वाटलं, कासारणीला डुलकी लागली. ती मालन उठायची वाट बघत तशीच बसून राहिली. त्या दिवसापासून पद्माकरनं दुकान मांडलं नव्हतं. खुर्ची डोळ्यांसमोर नको होती आणि टाकवतही नव्हती. तिचं कॅरिअर केलं की दोन्ही साधेल, असा त्याचा हिशेब.

उद्या लिंगोड्याला जायचंय. हौसाबाई काटकरांच्या मुलीचं लग्न आहे आणि चुडा पद्माकरनं भरायचा आहे. तो मालननं निवडून बाजूला ठेवलेला. हौसाबाईंनी सकाळी फोनवर बजावलं होतं, "भाऊजी, दुसरा आणू नका. मालनवहिनींनी काढलेलाच आणा. आणि एकसुद्धा वाढता कामा नये बघा, घरात म्हातारी माणसं आहेत." बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. वाढली म्हणतात. म्हणून काही ती अखंड राहत नाही. चुड्यातली बांगडी वाटेत गेली तर त्या घरात लग्नाआधीच सगळ्यांची तोंडं उतरतील आणि पुढं त्या मुलीला आयुष्यात जे काही होईल त्याला पद्माकरची ही बांगड्यांची पेटी जबाबदार ठरेल.

सकाळी पेटीत जुन्या बांगड्या घालून पद्माकर आणि इस्माईलनं डांबरी रस्त्यापर्यंत एक चक्कर मारली होती. परत येऊन उघडलं तर दोन वाढलेल्या.

"रबर घालू खाली," इस्माईल म्हणाला होता. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या त्यानं सळ्यांवर गुंडाळल्या. मग पुन्हा चक्कर मारायची गोष्ट कुणीच काढली नाही.

"येतो मग," इस्माईल म्हणतो. फाटकाची कडी वाजते. त्याची पावलं वाजत राहतात, लांब जातात, आणि कधीतरी ती पावलं नसून काच असते. हातभर काच, चालताना किणकिणते तशी.

मालन मोटारसायकलच्या डाव्या बाजूला उभी आहे.

हिरवी साडी आहे. नेसवली होती तीच. सवाष्ण गेली म्हणून दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. ते पद्माकरनंच भरलेत, त्यामुळे तो चेहऱ्याआधी हातांकडं बघतो. सगळ्या जागच्या जागी आहेत.

"आवरलं का?" ती विचारते.

"आवरलं."

"मग चला की. ऊन चढलं."

गाडी सुरू होते. त्यानं किक मारलेली नाही. मालन पदर खोचते, डाव्या अंगानं वळते आणि थांबते. तिच्या चेहऱ्यावर राग दिसत नाही. दुकानात अनोळखी माप आलं की ती असंच बघायची.

"अहो, मी कुठं बसू?"

पद्माकर मागं बघतो. लोखंडी चौकट, काळ्या रबराच्या पट्ट्या. उत्तर द्यायला तोंड उघडतो, तर तोंडात खिळे आहेत, सुतार धरतात तसे. ते तो एकेक करून तळहातावर काढतो.

"ती पेटीची जागा आहे," शेवटी तो म्हणतो.

"पेटी माझ्या मांडीवर असते."

"आता नसते ना."

"तेही खरं," ती म्हणते आणि कॅरिअरवर बसते. एका अंगानं, नेहमीसारखी. उजवा हात त्याच्या कमरेला धरते. हात हलका आहे, पण बांगड्यांचं वजन लागतं. शर्टातून गार लागतात.

रस्ता लिंगोड्याचाच आहे. बाभळी, पाण्याची टाकी, बंद पडलेला पोल्ट्रीचा शेड. शेडमध्ये त्याच्या घरातली चूल पेटलेली दिसते. त्यात वावगं काही नाही. रस्ता खाली उतरतो आणि माणगंगेच्या कोरड्या पात्रात शिरतो. वाळूत चाक रुतत नाही. मालन मागून बोलते आहे, वाऱ्यामुळं अर्धंच ऐकू येतं.

"तीस वर्षं तुमची पाठच बघत आले. एकदा तोंड करून बोलला असता तर काय बिघडत होतं?"

"मग गाडी कुणी चालवली असती?"

"हां, ते आहेच म्हणा." ती हसते. मग म्हणते, "टणक केलंय तुमी हे."

"इस्माईल म्हणतो, पोतं सिमेंटचं नेलं तरी..."

"सिमेंट काय, कुठंही बसतं. काचेला माणसाची मांडी लागते. खड्डा आला की मी आधी अंग सैल सोडायची. पेटीला कळायचंसुद्धा नाही."

त्याला हे माहीत नव्हतं. तिला अवघडून येतं म्हणून ती मागं हलते, असं त्याला वाटायचं. हलू नकोस, तोल जातो, असं तो कितीदा तरी ओरडला होता.

पात्रात बाजार भरलेला आहे. पालं लावलीत, तराजू टांगलेत, मिरच्यांचे ढीग लागलेत. माणूस मात्र कुणी नाही. प्रत्येक पालाच्या कापडाखालून हात बाहेर आले आहेत, मनगटापासून पुढचे, बायकांचे, तळवे वर करून. काही कोवळे, काही सुरकुतलेले. एकाच्या अंगठ्याला हळद लागली आहे. सगळे हात बांगडी चढवून घेण्यासाठी सैल सोडलेले आहेत. मालननं किती बायकांना ते शिकवलं होतं. बाई, हात माझ्यावर टाक, तू धरूच नकोस.

"थांबायचं का?" तो विचारतो.

"लग्नघर पुढं आहे. आणि माझी वरची राहिली आहे, ती आधी द्या."

पद्माकर गाडी पुढं काढतो.

त्यांच्या दुकानाची रीत होती. मापाच्या बांगड्या भरून झाल्या की शेवटी एक वर भरायची. ती विकत नसते. ती कासाराकडून. तिला न्यायच्या सकाळी घरात बायका रडत असताना त्यानं मालनचे हात भरले होते. डावा भरला, उजवा भरला. मग वरची घेतली. तोवर हात कडक झाला होता. अंगठ्याचा सांधा दबेना. तेल लावलं, साबण लावला. मागून कुणीतरी म्हणालं, राहू दे आता, उशीर होतोय. जोर केला असता तर त्या हातावरच ती वाढली असती. त्यानं ती कागदात गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात ठेवली. कुणाला सांगितलं नाही.

"उद्या देतो," तो म्हणतो.

"उद्या त्या पोरीचं आहे."

"मालन, तुझा हात ऐकत नव्हता गं."

मागून एक आवाज येतो. कापड फाटत नाही, गुंडाळलं जातं, तेव्हा होतो तसा. ती नेहमीच्या आवाजात म्हणते, "अहो, माझा पदर."

तो ब्रेक दाबतो. गाडी थांबत नाही.

"साडीगार्ड कुठाय?"

"आहे," तो ओरडतो. "आहे, तू त्याच्यावरच बसली आहेस!"

हिरवं कापड चाकात भराभर जातंय. तो मागं वळू शकत नाही. मान वळते, पण जिकडं वळते तिकडं समोरचाच रस्ता येतो. कमरेवरचा हात ओढला जातोय, एकेक बांगडी त्याच्या बरगडीवर वाजत मागं सरकते आहे. तो हँडल सोडून डाव्या हातानं तिचा हात पकडतो. तो सैल आहे. आता सैल आहे. नव्या नवरीचा असतो तसा, हाडंच नसल्यासारखा.

"धरू नका," मालन म्हणते. "हात माझ्यावर टाका."

तो टाकतो. अंगठ्याच्या मुळाशी कुणीतरी दाबतं, बरोबर जागी दाबतं. सांधा आत जातो. थोडं दुखतं.

गाडी थांबलेली आहे. नदी नाही, बाजार नाही. लग्नघराचा मांडव आहे, खालचं शेण अजून ओलं आहे. चाकाभोवती घट्ट गुंडाळलेली हिरवी साडी. कॅरिअरवर पेटी. पेटीच्या आत काहीतरी, अगदी बारीक, अजून वाजतंय.

"उघडू का?" तो मांडवाला विचारतो.

कुणीच नाही. त्याच्या कानाजवळ, पाठीमागून, जिथं ती कायम बसायची तिथून, आवाज येतो. "आधी मला उतरू द्या."

पद्माकरला जाग येते तेव्हा ओसरीवर ऊन आलेलं असतं. तो उताणा आहे, डावा हात छातीवर, अंगठा आत दुमडलेला. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला आहे. तो हात उचलतो आणि काच वाजते.

मनगटात हिरवी बांगडी आहे.

तो बराच वेळ ती नुसती बघतो. मग उठून पेटीकडं जातो. चुडा जसा बांधून ठेवला होता तसा आहे, दोऱ्याची गाठसुद्धा त्याचीच. नवरीची वरची बांगडी तिच्या जागी आहे. कोपऱ्यातली कागदाची पुडी घडी न उलगडता तशीच आहे. ती तो दाबतो. आत काही नाही.

मालनचं माप लहान होतं. तिच्या बांगडीतून त्याचा पंजा जाणं शक्य नाही. हे त्याला कुणी सांगायला नको, जन्मभर त्यानं हेच केलंय. तरी तो ओट्यावर बसतो, बोटं जुळवतो, अंगठा आत घेतो, तेल लावतो, बांगडी ओढून बघतो. ती सांध्यापाशी येते आणि अडते. आणखी जोर केला तर काय होईल ते त्याला माहीत आहे. तो बांगडी परत मागं सरकवतो.

फाटक वाजतं. इस्माईल परत आला आहे, त्याचा काळा चष्मा इथंच राहिलाय. चष्मा त्याला भिंतीवर सापडतो. मग त्याचं लक्ष मोटारसायकलकडं जातं. पद्माकर पान्हा घेऊन मागच्या चाकापाशी उकिडवा बसलाय.

"अरे, हे काय उसवायला लागला?"

"जुनी सीट बसवतोय परत."

"आणि पेटी? डोक्यावर नेणार?"

"मागं गोधडी टाकतो. पेटी पाठीशी घेतो आणि मालनच्या लुगड्यानं कमरेला बांधतो. खड्डा आला की अंग सैल सोडायचं."

"अख्खा दिवस गेला की माझा त्याच्यात," इस्माईल कुरकुरतो. पण चष्मा खिशात घालून शेजारी बसतो आणि दुसऱ्या बाजूचा बोल्ट धरतो. तेवढ्यात त्याला ते दिसतं.

"म्हाताऱ्या, हातात काय घातलंस?"

पद्माकर बाही खाली ओढतो. "निघत नाही."

"न निघायला काय झालं? कटर हाय बाहेर माझ्या गाडीत. एका मिनिटात..."

"नको."

इस्माईल त्याच्याकडं बघतो. मग साडीगार्डच्या सळ्यांकडं बघतो, ज्या आता कॅरिअरचा तळ झाल्यात.

"तू सोड," तो म्हणतो. "मी फिरवतो नट."

"फक्त जपून फिरव. बांगडी लोखंडाला लागायला नको."

पद्माकर उजव्या हातानं चौकट पेलून धरतो. डावा हात अंगापासून लांब, मागं बसलेल्या कुणाला आधार द्यायला ठेवावा तसा, मागच्या रिकाम्या जागेवर.